तीन दिवसांची बहीण

माझा भाऊ मंगळवारी सकाळी गेला आणि शुक्रवारी सकाळी माझं सुतक फिटलं. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवसांचं असतं. आईबाप, बायको, मुलं यांना दहा दिवस. हा नियम मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या नात्यागोत्यात कुणाचं सुतक किती, तेरवीला कुणाकडून काय यायचं, लग्नात मामाचा मान कोणता, हे विचारायला बायका माझ्याकडे येतात. मी याद्या करते आणि माझ्या यादीत काही सुटत नाही. तरी सासूबाईंनी फोनवर आठवण करून दिलीच.

"तीनच दिवस, बरं का व. लेकीले तीनच असते. म्या बनवलं का ते?"

माझं माहेर पवनीचं, सासर भंडाऱ्याचं. माहेरी कोशाच्या रेशमी साड्या विणतात, सासरी विकतात. भाऊ तयार माल मोटरसायकलवर घेऊन दुकानात यायचा. त्या मंगळवारी कारध्याजवळ रेतीच्या टिप्परनं त्याला मागून उडवलं. डोक्यात हेल्मेट होतं. त्याच्या मोबाइलवरचा शेवटचा फोन आमच्या दुकानाचा होता, म्हणून पोलिसांनी दुकानातच फोन लावला. नवऱ्यानं तो घेतला, ऐकला, आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या साडीची घडी पुरी करून मग माझ्याकडे वळला. त्याचा दोष नाही. हात कामात असले की काम पुरं करतात.

भाऊ माझ्यापेक्षा लहान होता. आमची जवळीक काय होती हे सांगायचं तर मागाचं सांगावं लागेल. आमच्याकडची जुनी साडी करवती काठाची. करवतीच्या दातांसारखी नक्षी, काठ एका रंगाचे आणि मधलं अंग दुसऱ्या रंगाचं. अशा साडीला आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात आणि दोन माणसं. एक जण खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो, दुसरा डाव्या काठाशी बसून तिकडचा धोटा परत करतो. दुसऱ्यानं धोटा दिला नाही तर पहिल्याचं काम जागच्या जागी थांबतं. शाळा सुटल्यावर आणि पुढं शाळा संपल्यावर, लग्न होईपर्यंत मी भावाच्या डाव्या काठाशी बसले. आमचं सगळं बोलणं तिथं झालं, एकमेकांकडे न बघता, कापडाकडे बघत. तो मला बाई म्हणायचा.

"बाई, मेल्यावर वरतं जाऊन बी तू पयले विचारशीन, हे लाइन कोनं लावली म्हून."

"विचारीन. तू मंधात घुसला असशीन म्हून."

माझं लग्न झाल्यावर ती जागा वहिनीनं घेतली.

शुक्रवारी मी माहेरी डोक्यावरून आंघोळ केली आणि नवरा मला न्यायला आला. तो बाबांजवळ बसला, मग उठून मागाच्या खोलीत गेला. मागावर साडी होती. आमच्या दुकानातूनच ती मागणी गेली होती, एका नवरीच्या आईसाठी. लग्न तोंडावर होतं.

"किती राह्यली?" नवऱ्यानं बाबांना विचारलं.

"पदर बाकी हाय."

"त्यायचा फोन येऊन राहिला सकाळपासून."

"सुतकात मागाले हात लावत नाही आमी, जावाईबापू. शुभकार्याचं कापड हाय. त्यायले बी चालन नाही."

"तुमी नोका लावू," नवरा म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हिचं तं फिटलं न आज."

नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. त्या घरातलं, मागाला हात लावायला चालेल असं एकच माणूस होतं आणि त्याला विणता येत होतं. बाबांनी जमिनीकडे बघत मान हलवली. नवऱ्यानं मागाच्या खोलीत गोमूत्र शिंपडलं, दाराला आडवा बांबू लावला, म्हणजे ती खोली सुतकाच्या घरापासून वेगळी झाली. डाव्या काठासाठी शेजारच्या विणकर काकूंना बोलावलं. त्या आल्या, पदर खोचला, बसल्या.

विणणं बघून बघून येत होतं, पण भावाच्या जागेवर मी त्याआधी कधी बसले नव्हते. तिथं दुमडलेलं पोतं होतं आणि त्याला त्याच्या बसण्याचा खोलगट आकार आला होता. खड्ड्यातल्या पायपट्ट्या त्याच्या पायाच्या मापानं बांधलेल्या होत्या, माझे पाय नीट पोचत नव्हते. मागाच्या खांबाच्या खाचेत खर्र्याची, सुपारी-तंबाखूची, अर्धी पुडी खोचलेली होती, रबर लावून. काकूंनी ती काढली, उघडली, चिमूट तोंडात टाकली.

"वाया कायले घालवाचा," त्या म्हणाल्या. "चाल, मार."

मी धोटा टाकला आणि हात्या ओढून धाग्याला ठोका दिला. त्या घरात तीन दिवस रडण्याशिवाय कुठला आवाज झाला नव्हता. आतून वहिनी आली. आडव्या बांबूपलीकडे उभी राहिली, बांबूला हात न लावता. बराच वेळ तिनं माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे पाहिलं.

"तुमचा हात जड हाय," ती म्हणाली. "त्यायचा हलका होता. कापडात दिसन."

दिसलं. प्रत्येक विणकराचा ठोका वेगळा असतो. जिथं त्याचा संपला आणि माझा सुरू झाला तिथं पन्हाभर एक रेघ उमटली, उजेडाकडे धरली की स्पष्ट दिसणारी. अलीकडे वीण मोकळी, पलीकडे दाट. पदर उतरायला मला शनिवार, रविवार लागले. नवऱ्यानं साडी धुऊन, घडी घालून गिऱ्हाइकाला दिली. त्या बाईनं बोट फिरवलं आणि विचारलं, "इथून पुढं घट्ट काहून लागते?" नवरा म्हणाला, "मागाची फणी बदलली होती." बाई साडी घेऊन गेल्या. लग्नात त्यांनी ती नेसली आणि सगळ्यांना आवडली, असं आम्हाला कळवलं.

तेरवीला मी यादीप्रमाणे सगळं सामान घेऊन माहेरी गेले. पत्रावळी, तूप, ब्राह्मणाचं धोतर, वहिनीची साडी. माय भिंतीशी बसली होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं हात मागे घेतला.

"तू तं विनत बसली होती व," ती म्हणाली. "मी दहा दिवस हातातली बांगडी वाजू देली नाही. माया लेकाच्या मागावर धडधड करून राहिली होती तू. मले वाटे, थो उठला."

"बाबांनी बसवलं, माय."

"तुले नाही म्हनता येत नव्हतं? सारं तं तुलेच समजते."

बाबा तिथंच होते. ते पानावर वाढायला उठून गेले. नवरा मांडवात कुणाशी तरी बोलत होता. त्यानंतर मायनं मला फोन करणं सोडलं. मी केला की ती वहिनीकडे द्यायची आणि वहिनी म्हणायची, "सगळं बरं हाय," आणि ठेवायची.

मी भंडाऱ्यात कामाला लागले. लग्नसराई होती, दुकानात उभं राहायला जागा नव्हती. शेजारणी यायच्या, बसायच्या, चहा घ्यायच्या. "नवरा असता तं गोष्ट येगळी," एकजण म्हणाली. "भाऊ काय, त्याले त्याचा संसार, आपल्याले आपला." दुसरी म्हणाली, "तुमचं तं सुतक बी फिटलं." मला त्यांचा राग आला नाही. मी पण कुणाकुणाला असंच म्हटलं असेल.

बिघाड कुठून सुरू झाला ते सांगता येतं, कारण तो माझ्या याद्यांत आला. माझ्या रोजच्या यादीत बँक, शिंपी, किराणा, गॅस असं असायचं. उन्हाळ्यात कधीतरी मी त्याच्या वर लिहायला लागले: उठणे. मग: दात घासणे. मग: जेवणे. लिहिलं नाही तर होत नसे, आणि लिहिलं तरी बहुतेक दिवशी ते तसंच राहायचं. दुकानात मी साडी अर्धी उलगडायची आणि पुढं काय करायचं ते सुचायचं नाही. गिऱ्हाईक बघत राहायचं. नवरा हातातून साडी घ्यायचा.

"झोप नाही झाली का?" तो सगळ्यांदेखत विचारायचा. मग गिऱ्हाइकाला, "बीपी हाय तिले."

दुपारच्या वेळी मी बँकेत जाते म्हणून निघायची आणि बसस्टँडवरून लाखांदूरची एसटी धरायची. ती कारध्यावरून जाते. जिथं भाऊ पडला ती जागा खिडकीच्या कोणत्या बाजूला येते हे मला ठाऊक होतं. लाखांदूरला उतरायची, स्टँडवर बसायची, परतीची बस धरायची. येताना दुसऱ्या बाजूला बसायची. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. डांबर, कडेला रेती, एक पानठेला. मी बसमध्ये त्याच्याशी मोठ्यानं बोलत होते हे मला माहीत नव्हतं. ते एका ओळखीच्या कंडक्टरनं दुकानात येऊन सांगितलं.

सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. मिरच्या, मीठ, मोहरी. "ठसका आला नाही," त्या म्हणाल्या, "म्हंजे नजर जबर हाय." नवऱ्यानं मला सरकारी दवाखान्यात नेलं, ते चांगलंच केलं. पण स्कूटर त्यानं मागच्या गेटाशी लावली आणि स्वतः आत आला नाही.

डॉक्टर तरुण होती, बहुतेक पुण्याकडची. तिनं विचारलं, "कोण गेलं?" मी सांगितलं. "तुम्हाला त्यांच्याजवळ राहायला मिळालं का नंतर?" मी तिला सुतकाचा नियम सांगायला लागले, जसा मी सगळ्यांना सांगते. कुणाला दहा, कुणाला तीन, गोत्र बदललं की काय होतं. सांगता सांगता तीन या शब्दाशी मी अडले आणि पुढचा नियम सांगता आला नाही. भाऊ गेल्यापासून मी तिथं पहिल्यांदा रडले, खुर्चीवर, बाहेर रांग असताना. डॉक्टरनं रांग थांबवली नाही. ती गोळ्या लिहीत राहिली आणि मी रडत राहिले. "या रोज घ्यायच्या," ती म्हणाली. "बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नाहीत. दर पंधरवड्याला या."

गोळ्यांनी आधी नुसती झोप आली. मग, पावसाळा संपता संपता, यादीतलं "उठणे" मी एक दिवस लिहायला विसरले आणि उठले. एसटीनं जाणंही थांबलं.

त्याच सुमारास माझ्या मुलीला तुमसरकडचं स्थळ आलं. मुलगी नागपूरला नोकरी करते. मुलगा तिला आवडला होता. फोनवर दोघं आधीच बोलत होती, मुलाकडच्यांना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी खूश होते. घरात बैठक बसली. नवरा, सासूबाई, मुलगी, मी.

"त्यायचे लोक भंडाऱ्यात हायेत," सासूबाई म्हणाल्या. "दवाखान्याच्या लाइनीत कोनी पाह्यलं तं संपलं. मायचं डोकं फिरलं तं पोट्टीचंही फिरन, असंच म्हनन कोनीही."

"थोडे दिवस बंद ठेव," नवरा म्हणाला. "लग्न झालं की मंग काय पायजे ते कर. मी स्वतः नेईन, समोरच्या गेटानं."

"डॉक्टरनं बंद करू नका म्हटलंय."

"डॉक्टरची पोट्टी हाय का लग्नाची?" सासूबाई म्हणाल्या.

मी मुलीकडे पाहिलं. तिला मामाचा फार लळा होता. ती खाली बघत नखं कुरतडत होती.

"आई, थोडेच दिवस," ती म्हणाली. "मग तुले रडायचं तितकं रडजो. मी काही बोलणार नाही."

मी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच झालं. आधी डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, मग हात थरथरायला लागले, मग झोप गेली आणि यादीत पुन्हा "उठणे" आलं. मी ते घरात सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "चहाचा ट्रे पोट्टीच्या हातात देजो. तुया हातात नोको."

राहिला प्रश्न मामाचा. आमच्यात नवरीला बोहल्यापर्यंत मामा आणतो. बघायला येणारे लोक मामा कोण हे विचारतात, मुलीचं आजोळ कसं आहे ते त्यावरून ठरवतात. गेलेल्या मामाचं सांगितलं की कसा गेला, कधी गेला, हे येणार, आणि मग माझ्यावर येणार. म्हणून सासूबाईंनी माझ्या एका चुलतभावाला बोलावलं. "मामाच हाय न थो," त्या म्हणाल्या. "चुलत तं चुलत. कोनी विचारलंच तं हो म्हन, बस्स."

लोक आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक मध्यस्थ. मुलगी ट्रे घेऊन आली, बसली, नोकरीचं सांगितलं. चांगलं चाललं होतं. मुलाची आई बोलकी होती, चिवडा आवडला म्हणाली. मग तिनं चुलतभावाकडे पाहिलं.

"हे मामा का?"

"हो, हो," चुलतभाऊ म्हणाला. "किराणा हाय माझा, बसस्टँडजवळ."

"भाऊ एकच का तुमाले?" तिनं मला विचारलं. साधाच प्रश्न होता. नवरा माझ्याकडे बघत होता. मुलगी पण.

मी हो म्हणणार होते. तेवढंच काम होतं, मी शंभर कामं केली आहेत त्यापेक्षा अवघड. पण भाऊ एकच का, याला हो म्हटलं असतं तर तो एक हा किराणावाला झाला असता.

"एकच होता," मी म्हणाले. "हा चुलत आहे. सख्खा कारध्याजवळ टिप्परखाली गेला, यंदाच. तेव्हापासून मी मनाच्या डॉक्टरच्या गोळ्या घेते. तुम्ही येणार म्हणून बंद केल्या आहेत, म्हणून हात हे असे हलतात."

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. मुलाची आई "अरे अरे" म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं, असं मला वाटलं. तिनं विचारलं, "झोपेच्या का गोळ्या?" मी म्हणाले, "झोपेच्या नाही. डोक्याच्या." मग मध्यस्थ हवेबद्दल बोलला. ती माणसं बाहेर पडताना कळवतो म्हणाली आणि त्यांनी लवकरच कळवलं. मुलगी चांगली आहे, मामाचं वाईट वाटलं, पण आईला तसं काही आहे म्हटल्यावर घरातले मोठे तयार होत नाहीत. मुलगा स्वतः काय म्हणाला ते मुलीनं मला सांगितलं नाही.

सासूबाई सुपारी कातरत होत्या. "घे आता गोळ्या," त्या म्हणाल्या. "खुशाल घे. साऱ्यायले मालूम झालं, आता कोनापासून लपवतं."

मुलीनं बॅग भरली. मी खोलीच्या दारात उभी राहिले.

"मामा गेला तेव्हा मीपण रडले होते," ती म्हणाली. "होस्टेलच्या बाथरूममध्ये. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले. कोणाले काही मागितलं नाही."

"मला माहीत नव्हतं."

"तू विचारलं नाही. तुले भाऊ पायजे होता, भेटला. मले काय पायजे होतं ते तुले माहीत होतं."

ती नागपूरला गेली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या सुरू केल्या आणि गुरुवारी दवाखान्यात गेले, समोरच्या गेटानं, रिक्षा करून. डॉक्टर रागावली, मग पुन्हा पहिल्यापासून लिहून दिलं. हात थांबायला वेळ लागला. आता मी दुकानात असते, साड्या उलगडते, घड्या घालते. माय अजून फोनवर येत नाही. मुलगी वडिलांना फोन करते, मी शेजारी असले तर मला तिचा आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. दुसरं स्थळ अजून आलेलं नाही. मध्यस्थानं सगळीकडे सांगितलं आहे, त्याचं तेच काम.

दिवाळीला मुलगी दोन दिवस आली. मी सगळ्यांना वाढलं. तिनं पहिला घास घेतला आणि समोर बसलेल्या वडिलांना म्हणाली, "बाबा, आईले सांगा, भाजीत मीठ कमी आहे."

मी माझ्या ताटातली भाजी चाखली. मीठ बरोबर होतं. कित्येक महिन्यांनी मला ते कळत होतं. मी मिठाची वाटी तिच्या ताटाशेजारी ठेवली आणि जेवायला बसले.